जिन्यातला चौकोन

ऐंशीव्या वाढदिवसाला आजोबांनी एकच गोष्ट मागितली. "मला ती कॅसेट बघायची आहे. या घरात सामान आणलं त्या दिवसाची. धाकटा जिन्यात माझी नक्कल करतो ना, ती."

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ, आमचे धाकटे आजोबा. ते भिंतीपलीकडच्या घरात राहतात. त्याच भिंतीत खिळा ठोकण्यावरून त्यांचं आणि काकांचं वाजलं आणि तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. खिळा आधी कोणी ठोकला यावर अजून एकमत नाही. भोकं मात्र भिंतीला दोन्ही बाजूंनी आहेत. आजोबांना या भांडणाबद्दल कोणी काही विचारलंच नव्हतं. त्यांनी मुलाच्या घरात राहायचं आणि मुलाच्या बाजूने अबोला धरायचा, असं आपोआप ठरलं.

कॅसेट लावायचं यंत्र कधीच भंगारात गेलं होतं. मी भौतिकशास्त्र शिकले आहे, त्यामुळे घरात मिक्सर बिघडला की माझ्याकडे येतो. कॅसेटही आली. एका मैत्रिणीकडून जुना कॅमेरा आणून मी ती काकांच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. आता डीव्हीडी मारायची आणि वाढदिवसाला टीव्हीवर लावायची, एवढंच काम उरलं होतं.

तेवढ्यात काका मागे येऊन उभे राहिले. शूटिंग त्यांचंच होतं. त्या दिवशी कॅमेरा नवा होता, म्हणून त्यांनी साधी उशीसुद्धा उचलली नव्हती.

"हा माणूस सगळीकडे का घुसलाय?" त्यांनी विचारलं.

"सामान तेच उचलत होते, काका."

"काढून टाक त्याला."

"त्यांना काढलं तर कपाट एकटंच हवेतून वर जाईल."

काकू दारातून म्हणाल्या, "मग तोंड तरी झाका. बातम्यांत चोराचं झाकतात तसं."

काकांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी काकूंकडे चक्क कौतुकाने पाहिलं.

"पण आजोबांना तेच तर बघायचं आहे," मी म्हटलं.

"बाबांना हल्ली कुठे नीट दिसतं? आणि कॉम्प्युटर माझा आहे."

हा मुद्दा शास्त्रीय नव्हता, पण निर्णायक होता. धाकट्या आजोबांच्या चेहऱ्यावर मी रंगीत ठिकऱ्यांचा एक चौकोन बसवला आणि तो त्यांच्याबरोबर खोल्याखोल्यांतून, जिन्यावरून, अंगणातून हाताने सरकवत नेला. आवाजाचं काकांच्या लक्षात आलं नाही. मीही त्यांना आठवण करून दिली नाही.

मग डीव्हीडी बनवायला लावली आणि काकांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या.

"हँग झालंय हे." त्यांनी माउस दोनदा टेबलावर आपटला.

"चालू आहे, काका."

"दुकानदार तर म्हणाला होता पाच-दहा मिनिटांत डीव्हीडी होते!"

"डिस्कवर लिहायला तेवढाच वेळ लागतो. पण तुमचं हे चित्र आहे तसं डिस्कवर मावत नाही, त्याआधी ते आवळावं लागतं. कॉम्प्युटर एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांत काय बदललं तेवढंच लिहितो. भिंत जागची हलली नसेल, तर 'मघासारखीच' एवढं लिहून पुढे जातो."

"म्हणजे कामचुकार आहे."

"काटकसरी आहे. त्यासाठी तो सगळी फिल्म दोनदा बघतो. पहिल्यांदा, गडबड कुठे जास्त आहे ते बघायला. दुसऱ्यांदा, त्या हिशोबाने जागा वाटायला."

"दोनदा?" काकू म्हणाल्या. "आम्हाला एकदा बघताना चक्कर आली."

"ते झूममुळे," मी म्हटलं. "झूम केला की भिंतीसकट सगळंच बदलतं. कॉम्प्युटरला सगळं नव्याने लिहावं लागतं."

"तो झूम विचारपूर्वक केलेला आहे," काका म्हणाले. टीपॉयवरच्या रिकाम्या फुलदाणीवर त्यांनी सहा वेळा विचार केला होता.

कुठल्या प्रसंगाला किती जागा गेली, हे दाखवणारी एक रेघ पडद्यावर पुढे सरकत होती. मध्येमध्ये ती उंच उसळायची. काका चष्मा सावरत वाकले.

"हे उंच उंच काय आहे?"

"चौकोन. त्यातल्या ठिकऱ्यांचे रंग क्षणाक्षणाला बदलतात. 'मघासारखाच' म्हणायची सोयच नाही. सगळ्यात जास्त मेहनत त्याच्यावरच चालली आहे."

काकांनी ती रेघ शेवटपर्यंत निरखली. मग शक्य तितक्या सहजपणे त्यांनी विचारलं, "आणि माझ्यावर?"

"तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे आहात. एकदाच आरशात दिसता, पण तिथे तुम्ही हलतच नाही. तुम्हाला जवळपास काहीच जागा लागलेली नाही."

काका उठून गेले. त्यानंतर कॉम्प्युटर हँग झाल्याची तक्रार आली नाही.

वाढदिवसाला खोलीभर नातेवाईक जमले. आजोबांची खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढली होती. चित्र सुरू झालं आणि पाचच मिनिटांत सगळे चौकोनाकडे बघू लागले. चौकोनाने गादी उचलली. चौकोनाने कुंडी फोडली आणि तुकडे पायाने दारामागे सारले. मग जिन्याच्या वळणावर कपाट अडकलं आणि चौकोनातून हुबेहूब आजोबांचा आवाज आला, "अरे सावकाश! सावकाश! हे कपाट वयाने माझ्यापेक्षा मोठं आहे, त्याला अरे-तुरे करू नका!"

खोली हसून हसून लोटपोट झाली. काकूंच्या बहिणीने डोळे पुसत विचारलं, "फार गमतीचा आहे हो हा! पकडलं का पुढे त्याला?"

आजोबाही हसले होते. पण मग त्यांनी मान वळवली. "याच्या तोंडाला काय झालंय?"

"तिथे कॅसेट खराब झाली आहे, बाबा," काका म्हणाले.

"फक्त त्याच्या तोंडावर?"

"हो ना."

"आणि ही खराबी जिना चढते?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिमोटकडे पाहिलं.

"जा, बोलावून आण त्याला," आजोबा म्हणाले.

"मी?"

"तूच. तुला चेहरा पक्का ठाऊक आहे. नाहीतर इतका बरोबर कसा झाकला असतास?"

काका गेले. पलीकडची बेल वाजलेली आम्हाला भिंतीतून ऐकू आली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आजोबा भिंतीकडे बघत बसले. शेवटी चपला वाजल्या आणि धाकटे आजोबा घरच्याच कपड्यांत दारात उभे राहिले. त्यांच्यामागे काका होते.

"काय रे दादा, ऐंशीचा झालास?" ते म्हणाले. "कपाट आता तरी उचलतोस का?"

आजोबांनी शेजारची खुर्ची हाताने थोपटली. धाकटे आजोबा बसले आणि टीव्हीकडे बघू लागले.

"हा मी? डोकं कुठाय माझं?"

"यांनी झाकलं," आजोबा म्हणाले.

"बरं केलं. तेव्हा केस होते. आता बघवले नसते." पण ते पुढे झुकून त्या चौकोनाकडे बघतच राहिले.

आजोबांनी मला खुणेने जवळ बोलावलं. "मूळचं ठेवलं आहेस ना?"

"ठेवलंय, आजोबा."

"मग लगेच नवीन डीव्हीडी लाव. किती वेळ लागेल?"

"मागच्यापेक्षा थोडा कमी. चौकोन नसला तरी काकांचा झूम आहेच. दोनेक तास तरी लागतील."

"दोन तास?" धाकटे आजोबा भावाकडे वळले. "मग मी बसू, की जाऊन येऊ?"

"बस," आजोबा म्हणाले आणि माझ्याकडे बघत पुढे म्हणाले, "सावकाश होऊ दे."