राक्षसाला विसरावं लागतं

अर्धांगाचा झटका आला आणि आनंदरावांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सारा जन्म नागपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस आता एकच शब्द बोले, "बरं." पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं. डॉक्टर म्हणाले, समजही फारशी उरलेली दिसत नाही. हळूहळू सहकाऱ्यांचं येणं थांबलं.

प्रेमिला मात्र येत राहिली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता त्याच कॉलेजात शिकवत होती. १९८३च्या मे महिन्यात ती एक परदेशी नियतकालिक घेऊन आली. आनंदरावांच्या पत्नी इंदुताईंनी वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं आणि विचारलं, "काय आणलं वं?"

"सरांचा राक्षस आणला, काकू."

वर्गात सर नेहमी एक कोडं घालत. हवेची पेटी, मधे भिंत, भिंतीला इवलंसं दार. दारावर एक राक्षस. तो वेगवान कण एकीकडे सोडतो, मंद दुसरीकडे. एक बाजू तापते, दुसरी गार होते, आणि खर्च काहीच नाही! मग निसर्गाचा नियम मोडला का? पुष्कळांचं उत्तर असे, कण पाहायलाच ऊर्जा लागते. सर नकारार्थी मान हलवत. "पाहण्यात नाही. दुसरीकडे कुठंतरी हिशेब चुकतोय."

प्रेमिला खाटेजवळ बसली. "सर, सापडलं. पाहणं फुकट होऊ शकतं. पण पाहिलेलं लक्षात ठेवावं लागतं, आणि राक्षसाचं डोकं कधीतरी भरतंच. पुढं काम करायचं तर जुनं पुसावं लागतं. त्या पुसण्यात..."

आनंदरावांनी डावा हात उचलून तिला थांबवलं. अक्षरं गिरवायला इंदुताईंनी आणलेली पाटी कोपऱ्यात होती. आजवर त्यांनी ती रागानं लोटून दिली होती. आता त्यांनी त्या पाटीकडे बोट दाखवलं. प्रेमिलानं पाटी त्यांच्या मांडीवर ठेवताच ते तळव्यानं ती घासू लागले. कोरी पाटी, तरी घासत राहिले. मग त्यांनी तिचा हात ओढून पाटीवर टेकवला. पाटी कोमट झाली होती.

"हो सर," प्रेमिला म्हणाली. "उष्णता. तिथं किंमत मोजावी लागते."

त्यांनी पेन्सिल धरली. वेडीवाकडी अक्षरं उमटायला बराच वेळ लागला: किती?

इंदुताई दारातच उभ्या राहिल्या. "बाई वं! ह्यायले तं सारं समजून राहिलं!" असं म्हणून त्या तिथंच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

प्रेमिलानं गणित मांडलं. प्रत्येक ओळीला ती थांबे, आनंदराव नजर फिरवत, मग होकारार्थी मान डोलावत. एका ओळीला त्यांनी मान डोलावली नाही. तिनं पाहिलं, दोनाचा लॉगॅरिथम लिहायचा राहिला होता.

सोमवारी कॉलेजात तिनं हे सांगितलं. पुढच्या रविवारी इतके लोक आले, की इंदुताईंना शेजारून खुर्च्या आणाव्या लागल्या.