नारिंगी की निळी

मिस्त्रींच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची होती. नारिंगी ड्रिल वापरणारी आणि पस्तावणारी.

कंपन्यांना नावं होती, पण ती कोणी घेत नसे. रंग सांगितला की कुळ कळायचं. कारण बिनवायरचं ड्रिल घरात एकटं येत नाही, अख्खं गोत घेऊन येतं. नारिंगी ड्रिल घेतलं की नारिंगी बॅटरी आली, तिचा चार्जर आला आणि तीच बॅटरी चालावी म्हणून पुढे करवत नारिंगी, रंधा नारिंगी. निळ्या कंपनीची बॅटरी या मशीनला लाख दाबा, बसायची नाही. शेजारपाजारचे सुतार, काचवाले, पडदेवाले साखर मागावी तशी एकमेकांकडे भरलेली बॅटरी मागत, तीही आपापल्या रंगाच्या घरीच.

हे सगळं जाणूनच मिस्त्रींनी बेत आखला होता. त्यांच्याच हाताखाली तयार झालेली त्यांची मुलगी रस्त्यापलीकडे स्वतःचं सुतारकामाचं दुकान मांडत होती. मिस्त्रींनी आनंदाने तिचं दार रंगवून दिलं, फळ्या ठोकून दिल्या. मनात हिशोब असा, की पोरगी नारिंगीच घेणार. काम ऐन रंगात आलं की बॅटरी संपणार, मग ती येणार, "बाबा, एक भरलेली द्या" म्हणणार. मग चहा होणार, आणि चहाबरोबर ती काय करतेय, कसं चुकतंय, हे आपण सांगणार. आणि तिने निळी घेतली तर? मग ती येणार कशाला? हा प्रश्न मिस्त्री स्वतःलाही मोठ्याने विचारत नव्हते.

हत्यारांच्या दुकानात ते तिच्यासोबत गेले.

"बाबा, तुम्ही नुसतं बघायला आलायत ना?"

"नुसतं बघतोय," मिस्त्री म्हणाले, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या जोरात बघू लागले. "तो निळ्याचा आवाज ऐक! डास तरी बरा."

दुकानदाराने दोन्ही मशीन काउंटरवर ठेवली. त्याला कोणतं चांगलं ते विचारलं, तर तो हसून म्हणाला, "दोन्ही माझीच लेकरं. एकाला वाईट म्हटलं तर दुसरं विकलं जाईल, पण पहिलं पडून राहील ना."

मुलीने दोन्ही तोलून पाहिली, लाकडात स्क्रू मारून पाहिले. मग दुकानदाराला न विचारता, तिथल्या रिकाम्या कपाटाच्या खालच्या खणात ती अर्धी शिरली. आत हात वळवला. नारिंगीचं नाक लांब, ते कोपऱ्यात अडलं. निळं सुळकन बसलं.

"अगं, आपण कपाटं करतो, त्यात राहायला जात नाही!"

"बिजागऱ्या आतून बसतात, बाबा," आतून आवाज आला. "आत कोण शिरतं, तुम्ही का मी?"

मिस्त्रींनी आपल्या पोटाकडे पाहिलं. त्या पोटाने कपाटात शिरायचं कधीच सोडलं होतं. मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "आणि बॅटरीचं काय? नारिंगीची बॅटरी संपत नाही. इतकी वर्षं माझ्याकडे आहेस, संपलेली बघितलीस कधी?"

मुलगी कपाटातून बाहेर आली. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसली. "नाही बाबा. तुमच्या हातात तर कधीच नाही."

आणि तिने निळी घेतली.

त्या दिवशी मिस्त्री एक अक्षर न बोलता जेवले. त्यांना वाटलं ही घराला शिक्षा आहे; बायकोने ती सुट्टी मानली. शेवटी तीच म्हणाली, "अहो, पोरीनं ड्रिल वेगळं घेतलंय, आडनाव नाही."

"तुला नाही कळायचं."

"मला इतकंच कळतं, की बोलायला बॅटरी लागत नाही."

पण मिस्त्रींना लागत होती. दुकान सुरू झालं, गिऱ्हाईकं येऊ लागली, आणि रस्ता ओलांडायला मिस्त्रींना कारण सापडेना. ते आपल्या दारात उभे राहून तिकडे बघत. तिने मान वर केली, की लगेच हातातला प्लायवुडचा तुकडा डोळ्यासमोर धरून, त्यात जणू काही लिहिलंय, असा वाचत.

त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात भिंतीवरची कपाटं लावायचं काम निघालं. मिस्त्री एकटेच गेले. पहिलं कपाट जागेवर धरलं, एक स्क्रू मारला. ड्रिल गुरगुरलं आणि गप्प झालं. दुसरी बॅटरी लावली, ती आजाऱ्यासारखी कण्हली. तिसरीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

आता अवस्था अशी. कपाट एका स्क्रूवर लटकलेलं. खाली मिस्त्री, डोकं तळाला टेकवून, खांदा कडेला लावून उभे. हलले तर कपाट खाली, आणि कपाटाखाली औषधांचं नवंकोरं काचेचं टेबल.

"आई गं!" मिस्त्री म्हणाले.

डॉक्टरबाई सवयीने धावत आल्या. "दुखतंय? कुठल्या बाजूला?"

"बाई, माझ्या खिशातला फोन काढा. मुलीला लावा. आणि कानाला धरा."

फोन लागला. "अगं, बॅटऱ्या नासल्या! सगळ्या एकदम! कंपनीनं गळा कापला. मी कपाट डोक्यावर घेऊन उभा आहे, पटकन एक बॅटरी दे पाठवून!"

"बाबा, माझी निळी आहे."

प्रकरण दातांपेक्षा खोल आहे हे डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं.

"तसेच उभे राहा," मुलगी म्हणाली. "मशीन घेऊन मीच येते."

ती आली तेव्हा धापा टाकत होती. बापाला त्या अवस्थेत पाहून आधी ती दाराला धरून पोटभर हसली आणि मगच स्टुलावर चढली. निळ्या ड्रिलची कुईं झाली. तो आवाज ऐकून बाहेर बसलेला एक पेशंट "उद्या येतो" म्हणत निघून गेला. स्क्रूमागून स्क्रू बसत गेले, आणि मिस्त्रींच्या डोक्यावरचा भार उतरला.

"बाबा, बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या होत्या ना?"

"म्हणजे काय! रोज फळीवर ठेवतो की. चार्जरच्या शेजारी."

"शेजारी ठेवून भरत नाहीत, बाबा. चार्जरमध्ये घालाव्या लागतात."

"पण आजवर तर..."

"आजवर संध्याकाळी तुम्ही दुकान झाडायला घेतलंत, की मी त्या लावायचे. सकाळी तुम्ही यायच्या आधी पिशवीत टाकायचे."

मिस्त्री मान चोळायचे थांबले. "रोज?"

"रोज."

"मग त्या दिवशी दुकानात बोलली का नाहीस?"

"सगळ्या दुकानासमोर? नारिंगी घराण्याची अब्रू गेली असती."

मिस्त्रींना आधी लाजल्यासारखं झालं आणि मग पोटातून हसू फुटलं. इतकी वर्षं कंपनीचे गोडवे गाऊन गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी नारिंगी घ्यायला लावली होती. त्या बिचाऱ्यांच्या बॅटऱ्या का संपतात, याचा उलगडा त्यांना आज झाला. त्यांच्या घरी ही मुलगी नव्हती!

हसता हसता त्यांच्या मनात नवा हिशोब मांडला गेला आणि तो चक्क नफ्यात निघाला. हिच्याकडे नारिंगी असती, तर हिने कोणाच्या तरी हाती बॅटरी पाठवली असती. निळी होती म्हणून पोरगी स्वतः आली.

"मुलगी तुमच्याकडेच कामाला असते वाटतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे, छे!" मिस्त्री ताठ झाले. "स्वतःचं दुकान आहे तिचं. माझ्या दुकानासमोरच. मी अडलो म्हणून बोलावली. कपाटाच्या आतलं काम असेल तर तिच्यासारखं कोणी करणार नाही."

मुलीने खाली मान घालून बिजागरीकडे पाहिलं. बापाच्या तोंडून हे ऐकायला तिला वेगळं दुकान काढावं लागलं होतं.

"बघू इकडे तो डास," मिस्त्रींनी हात पुढे केला.

त्यांनी निळं ड्रिल तळहातावर तोललं. उरलेल्यांपैकी एका कपाटाचा एक स्क्रू मारला. "हं," म्हणाले. दुसरा मारला. "बरंय. वाईट नाही. अगदीच टाकाऊ नाही." मुलगी ड्रिल परत मागत होती आणि ते "थांब गं, एवढा एक" म्हणत होते. एक एक करत सगळी कपाटं लागली, दारं बसली, स्क्रू संपले.

डॉक्टरबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तर मिस्त्री पाठ करून उभे होते. पहिल्याच कपाटाचा घट्ट बसलेला एक स्क्रू ते गुपचूप उलटा फिरवून सैल करत होते.

"अहो मिस्त्री, तो तर लागलाय ना?"

"लागलाय हो," मिस्त्री म्हणाले. "पण पुन्हा लावून बघतो."