राजेश्वरी आत येता कामा नये

हसत होती सगळी. मांडवातली, शाळेच्या पत्र्यावर चढलेली, बाभळीला लोंबकळणारी, सगळी वडूजची जनता पोट धरून हसत होती आणि मी एकटी घाबरले होते.

झालं असं की पलूसच्या संघातली राजेश्वरी चढाईला गेली. समोरच्या पोरींनी तिला धरून आपटलं, त्यात एकीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. पडली ती उठेचना. तिचे वडील आकाराम सुभेदार, फौजेतून निवृत्त होऊन आलेले, तेच संघाचे व्यवस्थापक. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला. पोरीनं डोळे उघडले, उठली, माती झटकली, आणि आपल्या बाजूला जाऊन बसायचं सोडून सरळ विरुद्ध संघाच्या पोरींत जाऊन बसली. म्हणून हे हसणं. कुणीतरी ओरडलं, "आरं, पार्टी बदलली रं हिनं!"

मी त्या सामन्याला पंच. क्षमा माझं नाव, वाईच्या शाळेत खेळाची बाई. माझी जीभ तिखट आहे असं अख्खा सातारा जिल्हा म्हणतो, म्हणू दे. सांगलीला पंचांच्या शिबिरात एका डॉक्टरनं आम्हाला घसा फोडून सांगितलं होतं, की डोक्याला मार लागून माणूस गोंधळला तर तो कितीही बरा दिसू दे, त्याला परत खेळवू नका. त्यावर दुसरा दणका बसला तर जिवावर बेततं. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. शेजारी मानसिंगराव भडंग खात होते.

आज तेच मानसिंगराव सरपंच होते, म्हणजे मैदानावर शेवटचा शब्द त्यांचा. मी धावत त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "हिला थांबवा. हिला आपला संघ ओळखू येत नाहीये."

"रक्त आलंय का?"

"नाही."

त्यांनी लांबूनच हाक मारली, "काय गं, बरी आहेस ना?"

"बरी हाय की," राजेश्वरी म्हणाली. तिची नजर त्यांच्यावर ठरत नव्हती.

"झालं तर! पोरगी म्हणते बरी, बाप म्हणतो बरी. उद्या काही झालं तर आपल्या गळ्यात येत नाही. आपण रेषा बघायच्या, बाई. डोकी बघायला डॉक्टर असतात."

"मग बोलवा डॉक्टरला!"

"जागेवर जा."

आकाराम सुभेदार माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले. "बाई, निवड करणारी मानसं बसल्यात मांडवात. आज नजरंत भरली तर पोरगी पोलिसात लागंल. आवं, दगडाची हाय माजी राजी. काय न्हाई हुत तिला."

दगडाची म्हणे! मला त्या माणसाचा राग आला आणि दयाही आली. पण शिट्टी मानसिंगरावांची. मी रेषेवर जाऊन उभी राहिले.

कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि आपल्या संघानं समोरचा एक गडी बाद केला की आपला एक आत येतो. जो आधी बाद, तो आधी आत. पलूसची पहिली बाद राजेश्वरीच होती. म्हणजे पलूसला एक गुण मिळाला की ही आत. आत आली की हीच चढाईला जाणार, आणि पुढं त्याच पोरी, तेच गुडघे.

देवा, असं पंचपण वैऱ्याच्या वाट्याला येऊ नये! पलूसची पोरगी चढाईला निघाली की मी मनात म्हणायचे, नको गं बाई, कुणाला हात लावू नकोस, रिकामी ये. पलूसच्या एकेक पोरी बाद होत गेल्या आणि प्रत्येक वेळी माझा जीव जरा खाली पडायचा. राजेश्वरी तिकडं दोन्ही हातांत डोकं धरून बसलेली. लोक ओरडत होते, "उठ राजे, तुज्याबिगर जमंना!"

शेवटी पलूसची एकटी रंगू उरली. बारीक, चपळ पोरगी. गेली, एकीच्या पायाला बोटं लावली आणि दम घुमवत रेषेच्या अलीकडं आली. दम खणखणीत, कुठं तुटला नाही, सुटला नाही. गुण पलूसचा. माझ्या पाठीमागं राजेश्वरी उठून उभी राहिली.

"दम सुटला!" मी ओरडले. "गडी बाद!"

कधी माझ्या स्वतःच्या शाळेलासुद्धा खोटा गुण दिला नव्हता मी. मैदान पेटलं. एक चप्पल खांद्यावर बसली. बसू दे, म्हटलं, पोरगी तर बाहेर राहिली! आणि तेवढ्यात मानसिंगरावांचा आवाज आला, "लोण!"

अख्खा संघ बाद झाला की लोण चढतं, आणि लोण चढलं की बाहेरच्या सातही जणी परत आत येतात. शेंबडं पोर जाणतं हे. भीतीपायी नेमकं तेच मी विसरले होते. एकीला बाहेर ठेवायला खोटं बोलले आणि तिलाच आत आणलं. आगीतून फुफाट्यात!

राजेश्वरी सगळ्यांच्या मागून आत आली आणि समोरच्या संघाकडं पाठ करून उभी राहिली.

आता मी कुणालाही विचारलं नाही. रेषा सोडून आत गेले आणि तिचं मनगट धरलं. घामानं गार पडलं होतं ते. मानसिंगराव शिट्ट्या फुंकत होते. आकाराम सुभेदार लाल होऊन धावत आले. "रंगूचा दम सुटला न्हवता! तुमी खोटं दिलं, बाई!"

"दिलं खोटं! शंभरदा देईन! तुमची पोरगी आत येऊ नये म्हणून दिलं. बघा की तिच्याकडं एकदा, बाप आहात ना?"

त्यांनी पाहिलं. राजेश्वरीही त्यांच्याकडं बघत राहिली, आणि एकदम हसली. "अण्णा! तुमी कवा आला? रजा मिळाली व्हय?"

सकाळी पलूसहून तिच्याच शेजारी एसटीत बसून आला होता तो माणूस. फौजेतून बाप घरी आल्यावर पडायची तशी ती पाया पडायला वाकली, आणि तशीच पुढं कोसळून ओकली.

सामने भरवणाऱ्या मंडळाची जीप आम्हाला घेऊन साताऱ्याच्या दवाखान्याकडं सुटली. तिचं डोकं सुभेदारांच्या मांडीवर होतं.

"अण्णा, तुमी कवा आला?"

"आत्ताच आलो, राजे."

"लगीच जानार?"

"न्हाई गं. आता न्हाई जात कुटं."

जरा वेळानं परत तेच. "अण्णा, तुमी कवा आला?" दरवेळी सुभेदारांचा आवाज आणखी बारीक व्हायचा. एकदा मला म्हणाले, "बाई, हे थांबंल न्हवं?"

कोरेगाव मागं पडलं आणि ते थांबलं. पोरगी गप्प झाली. डोळे अर्धे उघडे, मान सैल. मी ड्रायव्हरच्या पाठीत गुद्दे घालत होते, "हाण रे, हाण गाडी!" मागं सुभेदार तिचं तोंड दोन्ही हातांत धरून विनवत होते, "राजे, विचार की गं. मी कवा आलो, विचार. राजे, विचार!"