गुरुवारची अर्धी प्लेट

पैज लागली ती वजडीवरून. रविवारची सकाळ, कोपऱ्यावरचा कॅफे, अख्खी गल्ली कॉफीला जमलेली.

"वहिनींना वजडी चालत नाही?" अबीलियु न्हाव्याने कप खाली ठेवला. चेहरा असा, जणू कुणी त्याच्या मेलेल्या आईला नावं ठेवली. "अहो, पोर्तोत राहायला आलात ना तुम्ही? सगळा देश आम्हाला आतडीखाऊ म्हणतो, आणि आम्ही छाती फुगवून ऐकतो!"

"वासानेच कसंतरी होतं हो," देओलिंदा म्हणाली आणि हसून कपातली साखर ढवळत बसली.

विषय तिथेच मिटला असता. पण शेजारी तिचा नवरा गास्पार बसला होता, आणि चारचौघांत एखादा विषय मिटतोय असं दिसलं की गास्पारचे हात शिवशिवायचे.

"लाव पैज," तो म्हणाला. "जूनमधल्या संत जुआंवच्या सणाआधीच्या शेवटच्या गुरुवारी, दुपारी एकच्या आत, माझी बायको वजडी खाईल. नुसती खाणार नाही, पाव फिरवून ताट पुसेल!"

"आणि नाही खाल्ली तर?"

"तर तुमच्या त्या निळ्या-पांढऱ्या फुटबॉल संघाचा मफलर गळ्यात घालून, इथे बाहेर खुर्चीवर उभा राहून, तुमचं गाणं म्हणेन. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत."

कॅफेतल्या माना वळल्या. गास्पार दक्षिणेतल्या बेजाचा, म्हणजे जन्मापासून विरुद्ध संघाचा, लाल मफलरवाला. त्याने असलं काही बोलायचं म्हणजे थोडी घेतलेली असणार. पण सकाळचे दहाच तर वाजले होते.

"आणि खाल्ली तर लाल मफलर तू घालायचा," गास्पारने अबीलियुला बजावलं.

अबीलियुने घाम पुसला. पण सगळी गल्ली बघत होती, करतो काय! हात पुढे केला.

वरच्या मजल्यावरच्या दोना एर्सीलिया सत्तर पार केलेल्या. त्या तेवढ्या म्हणाल्या, "मेल्यांनो, बायको एकाची, पोट तिचं, आणि पैज लावणारे तुम्ही कोण रे?"

सगळे हसले. देओलिंदाही हसली. तिचा चमचा मात्र कपात फिरतच राहिला. साखर कधीच विरघळली होती.

आता यांची गोष्ट अशी. बेजात गास्पारने सव्वीस वर्षं गॅसच्या टाक्या घरोघरी पोचवल्या. गावातलं एक दार असं नव्हतं, ज्याच्या आत त्याने खोडी काढली नव्हती. एकदा पाद्र्याच्या उंबऱ्यावर टाकी ठेवून त्याने वर चिठ्ठी लावली होती, 'पवित्र आत्मा, भरलेला'. बायकोबरोबर बाजारात निघाला तर दहा मिनिटांच्या रस्त्याला दीड तास लागायचा. देओलिंदा पिशवी घेऊन बाजूला उभी, आणि गास्पारभोवती माणसं.

मग जुन्या रंगीत फरशा सांधणाऱ्या एका कारखान्यात तिला पोर्तोत नोकरी लागली. गास्पारलाही इथे टाक्यांचंच काम मिळालं. मूलबाळ नव्हतं, सामान फारसं नव्हतं. आले.

शनिवारची कल्पना तिचीच. दर शनिवारी दुपारी एक नवी खानावळ शोधायची. हातात नकाशा नाही, कुणाला विचारायचं नाही, नाक नेईल तिकडे जायचं. इथली पूर्ण प्लेट दोघांना पुरून उरायची, म्हणून एकच मागवायची. माशाचं डोकं त्याचं, गाल तिचे. पहिल्याच खानावळीत गास्पारने कोथिंबीर मागितली, तर वाढप्याने पार्सली आणून ठेवली आणि वर म्हणाला, "कोथिंबीर हवी तर गाडी पकडून दक्षिणेत परत जा, साहेब." देओलिंदा इतकी हसली की तिला ठसका लागला. दुसऱ्या शनिवारी पायऱ्या चढता-उतरता दोघं चुकली आणि कुणाच्या तरी घराला लागून असलेल्या चार टेबलांच्या जागी ऑक्टोपसचा भात खाल्ला. बाहेर पडताना तिने त्याचा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "इथे आपल्याला कुणीच ओळखत नाही रे."

इथेच सगळा घोटाळा झाला. गास्पारला वाटलं, बिचारीला एकटं एकटं वाटतंय.

आणि त्याने कंबर कसली.

तिसऱ्या शनिवारी खानावळीच्या मालकाशी गळ्यात गळा. चौथ्या शनिवारी शेजारच्या टेबलावरचं लग्नाचं वऱ्हाड यांच्या टेबलाला टेबल जोडून बसलं. पाचव्या शनिवारी तो स्वयंपाकघरात शिरून आचाऱ्याची टोपी घालून आला. दोन महिन्यांत अर्ध्या शहराला गॅसवाला गास्पार माहीत झाला. आणि पैज लागल्यावर तर बघायलाच नको.

"हीच का ती? वजडी न खाणारी?"

जिथे जावं तिथे मालक फडक्याला हात पुसत बाहेर यायचे. न मागता वजडीची वाटी समोर. पांढरा घेवडा, गाजर, वर वाफ. सगळी खानावळ चमचे खाली ठेवून तिच्या तोंडाकडे बघायची. गास्पार बाकावर उभा राहून पुकारा करायचा, "बायांनो आणि बाप्यांनो, बघा, नाक मुरडलं! अजून तेरा गुरुवार आहेत!"

हळूहळू शनिवारी तिचं डोकं दुखायला लागलं. "तू जा," ती म्हणायची. तो जायचा आणि परत येऊन तिला तिथले किस्से सांगायचा. आपण बायकोची करमणूक करतोय, असंच त्याला वाटायचं. खोटं कशाला सांगू, मनापासून वाटायचं.

मे महिन्यात त्याच्याबरोबरचा एक जण कंबर धरून घरी बसला आणि त्याची फेरी गास्पारकडे आली. रेल्वे स्टेशनामागचा भाग. गुरुवार, दुपारचा सव्वा वाजलेला. खांद्यावर टाकी घेऊन तो एका खानावळीत मागच्या दाराने शिरला. स्वयंपाकघर आणि बाहेरची टेबलं यांच्यामध्ये ताटं सरकवायची खिडकी होती. टाकी खाली ठेवून त्याने मान वर केली.

खिडकीतून दिसलं ते टेबल अगदी टोकाला होतं. तिथे देओलिंदा बसली होती. एकटी. समोर वजडी.

खात होती. सावकाश, एकेक घास. मध्येच चमचा ठेवून बाहेरच्या भिंतीवरचं ऊन बघायची. मग पाव तोडला, ताटात फिरवला, कडेचा रससुद्धा टिपला. गास्पारच्या काळजाने आधी आनंदाने उडीच मारली. जिंकलो! आता सरळ बाहेर जायचं, टाकी बडवायची, आयुष्यातली सगळ्यात मोठी खोडी! त्याने हात दाराला लावलासुद्धा.

पण तिचा चेहरा. तिचा असा चेहरा त्याने कधी पाहिला होता, हे तो आठवत राहिला. पायऱ्यांवर. दंड धरला होता तेव्हा.

"त्या होय?" आचारीणबाई म्हणाली. तिला वाटलं, गॅसवाल्याची नजर चांगली नाही. "नको त्या चौकशा करू नकोस हं. भली बाई आहे. दर गुरुवारी येते, अर्धी प्लेट वजडी, कुणाशी बोलणं नाही. एकदा मीच विचारलं, यजमान कुठे असतात? तर म्हणाली, नाहीत."

"नाहीत?"

"नाहीत. एवढंच. विधवा असावी बिचारी."

गास्पारने आयुष्यभर लोकांना काय काय बातम्या दिल्या होत्या. स्वतः मेल्याची बातमी त्याला पहिल्यांदाच मिळत होती, आणि हसू काही येईना.

"चांगली होती का?" त्याने विचारलं.

"कोण?"

"वजडी. आजची."

"तुला हवी का थोडी?"

"नको," तो म्हणाला. रिकामी टाकी उचलली आणि आला तसा मागच्या दाराने गेला.

पुढच्या शनिवारी त्याने तिला नदीपलीकडे नेलं. तिकडे त्याची फेरी नव्हती, ओळख नव्हती. तो गप्प बसला. पाव आला, गप्प. सूप आलं, गप्प. शेजारच्या टेबलावर एक म्हातारा दातांची कवळी खिशात ठेवून मटण चघळत होता. असा माल समोर असताना गास्पारने जीभ दाताखाली धरली.

"बरं नाही का तुला?" देओलिंदाने विचारलं.

"छान आहे. शांत बसलोय."

"का पण?"

"तुला आवडतं म्हणून."

तिने चमचा खाली ठेवला. "मला तू गप्प नको होतास रे, गास्पार. तू माझ्याशी बोलायला हवा होतास."

त्याने तोंड उघडलं. सांगण्यासारखं खूप होतं. पण जे जे आठवलं ते आधी सगळ्या गल्लीला सांगून झालेलं, आणि प्रत्येक वेळी ती शेजारी उभी असलेली. फक्त तिला सांगावं असं काय आहे आपल्याकडे? शोध शोध शोधलं. एकच गोष्ट सापडली, ती गुरुवारची. आणि नेमकी तीच बोलायची नव्हती. बोलला असता तर ती परत तिथे गेली नसती.

तेवढ्यात वाढपी वाकून म्हणाला, "माफ करा हं, तुम्ही ते गॅसवाले गास्पार ना? वजडीच्या पैजेचे?"

देओलिंदा खो-खो हसली. खरं हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पाणी आलं ते थांबेचना. गास्पारने रुमाल दिला. घरी जाताना पुलावर दोघं शेजारी शेजारी चालली, आणि पुलाच्या मध्यावर तिने सांगितलं की तिने कारखान्याजवळ खोली पाहिली आहे.

"माझं काही चुकलं असेल तर..." गास्पार म्हणाला.

"तू वाईट नाहीस रे. तू सगळ्यांचा आहेस. मला वाटलं होतं, नव्या गावात थोडा माझ्या वाट्याला येशील."

सोमवारी ती गेली. दोन बॅगा. रोज तीस-तीस टाक्या उचलणाऱ्या माणसाला दोन बॅगा काय जड, पण उतरताना दुसऱ्या मजल्यावर त्याला पायरीवर बसावं लागलं. देओलिंदा शेजारी उभी राहिली. घाई केली नाही तिने.

गल्लीला कळायला दोन दिवस लागले. मग कॅफेत गास्पार आला की लोक हवामानावर बोलायला लागले. पोर्तोची माणसं हवामानावर बोलतात, म्हणजे समजून घ्या किती वाईट.

ठरलेला गुरुवार आला. गास्पार एकच्या ठोक्याला कॅफेत हजर. अबीलियुने काउंटरखालून निळा-पांढरा मफलर काढला आणि पुन्हा आत ढकलला.

"सोड रे," तो म्हणाला. "आता कसली पैज. कॉफी घे."

"हो, सोडा," बाकीचेही म्हणाले.

गास्पारने मान हलवली. त्यालाही सोडायचीच होती. पण दोना एर्सीलिया घुटमळल्या. "एक सांगू का? सांगू की नको, कळत नाही. माझा भाचा स्टेशनात असतो. त्याने देओलिंदाला पाहिलं म्हणे. स्टेशनामागच्या खानावळीत, दर गुरुवारी दुपारी, एकटीला. वजडी खात होती. पाव फिरवून ताट पुसत होती."

कॅफे हलला. "काय सांगता!" "म्हणजे गास्पार जिंकला!" "अरे, पैज जिंकलास तू, लेका!"

अबीलियुचा चेहरा पांढराफटक. पण माणूस सच्चा. उठला, एप्रन सोडला. "माझं सलून तीस वर्षं आहे या गल्लीत. हरलो असेन तर हरलो. लाल मफलर घालीन. पण आधी जाऊन वहिनींना विचारू. आज गुरुवारच ना? आत्ता तिथेच असतील!"

"चला, सगळेच जाऊ!" "गाणं म्हणत जाऊ!" "आणि वहिनींना घरी घेऊनच येऊ!"

खुर्च्या सरकल्या. कुणी ढोल काढला, सणासाठी आणलेला. दहा-बारा माणसं, सगळी भली, सगळी गास्पारच्या मायेने पेटलेली, दाराकडे निघाली. गास्पारला ती खिडकी दिसली, टोकाचं टेबल दिसलं, आणि ढोल वाजवत आत शिरणारी ही वरात.

त्याने खुर्ची उचलून दारातच आडवी घातली.

"त्या भाच्याला चष्मा करून द्या, दोना एर्सीलिया!" तो ओरडला. "माझी बायको? वजडी? अहो, बावीस वर्षं संसार केलाय तिच्याशी. वजडी शिजत असली तर ती त्या गल्लीतून जात नाही! दुसरीच कुणी असणार. विधवा असेल एखादी."

"पण गास्पार..."

"हरलो म्हटलं ना! आण तो मफलर, न्हाव्या. का घाबरलास, मी तुमचं गाणं तुमच्यापेक्षा चांगलं गाईन म्हणून?"

बाहेर फुटपाथवर खुर्ची ठेवली. गास्पार वर चढला. गळ्यात निळा-पांढरा मफलर, पोट सुटलेलं, कपाळावर घाम. आणि त्याने आवाज काढला, प्रत्येक 'व'चा 'ब' करत, इथल्या लोकांसारखा. माणसं थांबली. समोरच्या बेकरीतून बायका बाहेर आल्या. बसवाल्याने बस थांबवून भोंगा वाजवला. स्टेशनकडे कुणी निघेना, ढोलसुद्धा इकडेच वाजायला लागला. अबीलियु हसता हसता भिंतीला टेकला.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या.

"झालं, उतर आता," अबीलियु डोळे पुसत म्हणाला. "फेडलीस."

गास्पारने कॅफेतल्या घड्याळाकडे पाहिलं. देओलिंदाची जेवणाची सुट्टी दोनला संपायची. तोवर तिला ताट पुसून व्हायला हवं होतं.

"दुसरं कडवं चुकलं," तो म्हणाला. "मी फसवत नसतो कुणाला. पहिल्यापासून घेतो."

दुसऱ्यांदा झालं. लोक पोट धरून हसत होते. दोना एर्सीलिया मात्र हसत नव्हत्या. दारात उभ्या राहून त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या.

"अरे, पुरे!" अबीलियुने त्याची विजार ओढली. "घसा फुटेल, मेल्या!"

दोनला दहा कमी होते. गास्पारने मफलर सारखा केला आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली.