लंकाबाईच्या गळ्याला लावलेलं तुणतुणं

सांगा राव, गाण्याच्या कार्यक्रमाला गेल्यावर तुम्ही विश्वास कुणावर ठेवता? डोळ्यांवर की कानांवर? डोळ्यांना दिसतं, पोरगा तार छेडतोय. कानांना ऐकू येतं, तार वाजतेय. दोन्हींचा मेळ बसला की तुम्ही खूश होता आणि टाळ्या पिटता. तिथंच फसता.

मी तुणतुणं बोलतोय. दोन हंगाम मी तुमच्यासमोर मंचावर सैल तारेनं नुसता हललो आणि तुम्ही माझ्या आवाजाची तारीफ केलीत. मला राग आलाय. तुमचा आलाय, त्या पोराचा आलाय आणि थोडा माझा स्वतःचाही. बसा, घाईत असाल तर उभ्यानं ऐका, पण ऐका.

मी जन्मानं तुणतुणं नव्हे. कोल्हारच्या कल्याणशेठच्या किराणा दुकानात मी धान्य मोजायचं लोखंडी माप होतो. शेठ शाळेत फार गेलेला नव्हता. पुड्या बांधायच्या रद्दीवरची अक्षरं जुळवत तो वाचायला शिकला, त्यामुळे जगातली प्रत्येक बातमी त्याला अर्धीच माहीत असायची. उरलेली अर्धी तो स्वतः रचायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा. माणूस मोठा लाघवी. बसा म्हणायचा, चहा सांगायचा, पोराबाळांची नावं घेऊन चौकशी करायचा आणि बोलता बोलता ज्वारी मोजताना आपला अंगठा माझ्या पोटात सोडून द्यायचा. प्रत्येक मापाला एका अंगठ्याएवढी ज्वारी कमी. चोवीस वर्षं मी तो अंगठा पोटात घेऊन गप्प बसलो. खोट्याला साथ देणं म्हणजे काय, हे मी तिथंच शिकलो. त्यात आवाज करावा लागत नाही, नुसतं गप्प बसलं की भागतं.

तो अंगठा पकडला लंकाबाईनं.

दिवाळीनंतर पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या प्रवरेच्या काठाला उतरतात. त्यातली ही लंकाबाई, आणि तिचा नवरा बिभीषण. शेठ ज्वारी मोजत होता, कोणत्या तरी देशाच्या राजाची अर्धी गोष्ट सांगत होता. सगळ्या बाया माना डोलवत होत्या. लंकाबाई मात्र माझ्याकडं बघत होती.

"शेठ, अंगठा भाईर काढा," ती म्हणाली. "त्यो मला शिजवायचा न्हाई."

दुकान खदाखदा हसलं. शेठही हसला, त्याला दुसरा इलाज नव्हता. दोन ओंजळी जादा टाकून म्हणाला, "वहिनी, तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं मिळाली तर मी साधू होईन."

पुढं दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि मी कोपऱ्यात गंजत पडलो. बिभीषणनं मला मागून घेतलं. शेठ म्हणाला, "घेऊन जा. ह्याला तुझ्या बायकोनं सरळ केलंय, माझ्या काही कामाचं नाही आता."

बिभीषणनं माझं बूड कापून काढलं, तिथं बकऱ्याचं कातडं ताणून बांधलं, अंगाला बांबूची काठी जोडली, बाभळीची खुंटी ठोकली आणि मोटारसायकलच्या क्लचच्या वायरीतला एक पदर सोडवून तार ओढली. कुणी एकच गोष्ट सारखी सांगायला लागला की तुम्ही माझं नाव घेऊन त्याची टर उडवता. उडवा. एकच तार असली की ती चुकल्यावर लपायला दुसरी नसते, हे कधी लक्षात घेतलंय का?

आता नीट ऐका, कारण सगळं भांडण इथंच आहे. बिभीषण मला कधी आपल्या मनानं लावत नसे. आधी बायकोला म्हणायचा, "दे गं सूर." लंकाबाई नुसता हुंकार भरायची. मग तो खुंटी पिळत पिळत मला तिच्या गळ्यापाशी आणून सोडायचा. हंगामाच्या सुरुवातीला तिचा गळा मोकळा असे, तेव्हा मी चढा. पुढं उसाच्या वाळक्या पाचटाची धूळ आणि चुलीचा धूर बसत गेला की ती खालून गायची, मीही खाली उतरायचो. सर्दी झाली तर आणखी खाली. म्हातारपण आलं तसा दरवर्षी एक एक पायरी. गळा धनी आणि मी चाकर. तार माणसाकडं जायची, माणसाला तारेकडं जावं लागत नव्हतं.

ती गायची ते तिनंच बांधलेलं होतं. धाकटं पोर पाचटावर निजवून ऊस तोडताना.

"धुकं बाई धुकं, परवराच्या काठी,
माझ्या लेकराची नीज बांध मोळीच्या गाठी."

एका वर्षी बिभीषणचा उजवा हात टायरगाडीच्या चाकाखाली आला. तो गावाकडं शेळ्या राखायला गेला आणि मी कोपीत, टोळीच्या पाचटाच्या झोपडीत, टांगलेला राहिलो. त्याच हिवाळ्यात ओंकार आला.

ओंकार कोल्हारचाच, बागायतदाराचा पोरगा, संगमनेरच्या कॉलेजात शिकलेला. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं मी चिडलो तर तुम्हाला वाटायला नको की डूख धरून बोलतोय. कोपीत वाकून आला, लंकाबाईच्या पाया पडला, चार दिवस नुसतं ऐकत बसला. मग म्हणाला, "मावशी, आपण कार्यक्रम करू. इंडी फोक."

"इंडी म्हंजी काय रं?"

"म्हणजे कुठल्या कंपनीचं नाही. आपलं आपण."

"मंग आमी बी इंडीच की," लंकाबाई म्हणाली. "आमाला बी कुठली कंपनी इचारत न्हाई."

तिनं मला त्याच्या हातात दिलं. एकच अट घातली. "ह्ये वाजवायचं तर माझ्या गळ्याला इचारून."

पहिला कार्यक्रम संगमनेरला कॉलेजच्या हॉलमध्ये. चाळीस-पन्नास माणसं. ओंकारनं सगळ्यांसमोर विचारलं, "मावशी, सूर?" तिनं हुंकार भरला, त्यानं खुंटी पिळली, मी तिच्यापाशी जाऊन उभा राहिलो. गाणं संपल्यावर थोडा वेळ कुणालाच टाळ्या वाजवायचं सुचलं नाही. तसा कार्यक्रम पुन्हा झाला नाही.

पुढं गिटार आली. सृष्टी नावाची मुलगी वाजवायची. ती गुणी निघाली. मावशीचा सूर ऐकून गिटारच्या मानेवर चिमटा सरकवायची आणि मेळ जमवायची. मला आवडलं ते. मग माझ्या कातड्याला बटणाएवढा माइक चिकटवला, आणि माझा आवाज पार मैदानाच्या टोकाला जाऊन परत यायला लागला. खोटं कशाला बोलू, मी फुगलो. मग पायानं दाबायचा डबा आला. मावशीची एक ओळ पकडून तो ती पुन्हा पुन्हा म्हणायचा. लंकाबाई पहिल्यांदा दचकली, मग पदर तोंडाला लावून हसली. "ही बया कोन रं ओंकार? माझी सवत का काय?"

सवतच निघाली.

गाण्याच्या कार्यक्रमांचा हंगाम थंडीचा, उसाचाही थंडीचाच. लंकाबाई फडात अडकली. ओंकारनं डब्यातल्या आवाजावर निभावलं. तेवढ्यापुरतं, असं तो सृष्टीला म्हणाला. लंकाबाईला कुणी काही विचारलं नाही. मग त्या आवाजाखाली संगणकातले ढोल आले, आणि ढोलांना शोभावं म्हणून तो आवाज दोन सुरांनी वर चढवला. वर चढल्यावर तो कोवळा झाला. पन्नाशीच्या बाईचा गळा विशीच्या पोरीचा वाटायला लागला. सृष्टी म्हणाली, "हा मावशींचा सूर नाही." ओंकार म्हणाला, "साउंड बदलत राहिला पाहिजे गं, तेच तेच किती दिवस?" पुढच्या कार्यक्रमाला सृष्टी नव्हती.

मीही डब्यात गेलो. माझा जुना आवाज आत भरलेला, म्हणून माझी तार सैल सोडली, मंचावरच्या थंडीत उगाच तुटायला नको. ओंकार मला छातीशी धरून बोटं हलवायचा. दिव्यांच्या झोतात मी झकास दिसायचो. कार्यक्रम संपला की पोरं माझ्याबरोबर फोटो काढायची आणि म्हणायची, "काय टोन आहे यार!" अंगठा पुन्हा पोटात आला होता. मी पुन्हा गप्प.

गेल्या फेब्रुवारीत नगरला मोठा खुला कार्यक्रम ठरला. ओंकारनं लंकाबाईला फोन करून बोलावलं. मुकादमाला एका दिवसाची सुटी मागून ती एस.टी.नं आली. पैशाचं म्हणाल तर ओंकारनं तिला कधी बुडवलं नाही. तिला गायचं होतं, एवढंच. टोळीतल्या बायांना सांगून आली होती, "आज माझं गानं हाय."

दुपारी आवाजाची चाचणी झाली. डबा सुरू केला, आणि तिचंच गाणं वरून आलं. लंकाबाईनं तोंड उघडलं. तिचा गळा तिथं नव्हताच. ती खाली, गाणं वर. तिनं एकदा खाकरून पाहिलं, मान ताणून पाहिली. समोरचा आवाजवाला ओरडला, "मावशी, तुम्ही बेसूर होताय! खाली घसरताय!"

स्वतःच्या गाण्यात बाई बेसूर ठरली, आणि ते सांगणारा कोण, तर बटणं फिरवणारा एक अनोळखी माणूस. मला तेव्हा लोखंड असून घाम फुटल्यासारखं झालं.

ओंकार जवळ आला, तिच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "मावशी, टेन्शन घेऊ नका. फक्त ओठ हलवा. लोकांना कळत नाही."

लंकाबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. तिनं मला उचललं. सैल तार बोटानं चाचपली. "ह्याला उपाशी का ठिवलंय?" एवढंच म्हणाली, आणि स्वतः हुंकार भरत खुंटी पिळून मला आपल्या गळ्यापाशी आणलं. दोन-चारदा छेडलं. आवाजवाल्यानं हे काय चाललंय ते ऐकायला माझं बटण वर केलं. तेवढ्यात वडापाव आले. तो खायला गेला आणि बटण तसंच राहिलं.

संध्याकाळी मैदान भरलं. यंत्रातून खोटं धुकं सोडलं. खऱ्या धुक्यात आयुष्य काढलेली लंकाबाई त्या धुक्यानं खोकायला लागली. डबा गायला लागला. ओंकारनं सवयीनं माझ्यावर बोट मारलं, आणि मी वाजलो! अख्ख्या मैदानात, खणखणीत, लंकाबाईच्या सुरात. डब्याला दोन सूर खालून आडवा गेलो. दात आंबावेत असं ते ऐकू येत होतं. आणि तिला आपला सूर सापडला. ओठ हलवायचे सोडून ती गायलाच लागली. तिचा माइक बंद होता. मी ऐकलं आणि ओंकारनं ऐकलं, बाकी कुणी नाही.

ओंकारचा पाय उचलला गेला. डब्याच्या बटणावर आला. एकदा दाबलं असतं तर डबा मुका झाला असता, आणि उरले असते आम्ही दोघं, ती आणि मी. पाय तिथं अधांतरी राहिला, मी बघितलंय.

आणि तेवढ्यात टाळ्या पडल्या. शिट्ट्या. पुढच्या रांगेतला एक चष्मेवाला उभा राहून ओरडला, "वा! काय प्रयोग आहे! एकदम नवा साउंड!"

ओंकारनं पाय खाली ठेवला. जमिनीवर. आणि मला आणखी जोरात छेडलं.

म्हणून म्हणतो, तुमचाही राग आहे. खरं तुमच्या कानावर आदळलं होतं, आणि तुम्ही त्याची फॅशन केलीत.

मंचामागं लंकाबाई म्हणाली, "पाय उचलला हुतास."

"व्हय मावशी."

"मंग?"

ओंकार खाली बघत होता. "लोकांना आवडलं, मावशी."

तिनं मला त्याच्या हातातून घेतलं, पदरात गुंडाळलं. तो म्हणाला, "तुणतुणं तुम्हीच दिलेलं मला."

"वाजवायला दिल्तं. हालवायला न्हाई."

"मावशी, पुढच्या वेळी तुमचा माइक नक्की…"

"त्या डब्यातला माझा गळा पुसून टाक."

"आता कसा पुसणार? सगळ्यांच्या मोबाईलमध्ये गेलाय तो."

ती मला घेऊन चालू लागली. आम्ही बसस्टँडवर आलो.

आता मी प्रवरेकाठी कोपीच्या बांबूला टांगलेला आहे. कातडं एका बाजूनं उसवलंय, खुंटी ढिली झालीय. परवा फडाशेजारून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या स्पीकरवर तेच धुकं, दोन सूर वर. टोळीतल्या तरण्या बायांना ते पाठ झालंय. काल पहाटे मोळी बांधताना लंकाबाई आपल्या गळ्यानं गुणगुणत होती, तर तिची सून आरती, मनात काही वाईट न ठेवता, म्हणाली, "आत्या, असं न्हाई वो त्ये गानं. मोबाईलात लई येगळं हाय. थांबा, मी दावते."

लंकाबाईनं मोळीची गाठ आवळली. "दाव बाई," म्हणाली, आणि गप्प झाली. अजून गप्पच आहे.

मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. तोंडानंच सांगतो. पुढच्या वेळी टाळी वाजवायच्या आधी मनात दोन रकाने पाडा. एकात लिहा, काय ऐकलं. दुसऱ्यात लिहा, ते कुणाच्या छातीतून आलं. दुसऱ्यात काय लिहायचं ते ठाऊक नसेल तर उठून विचारा. विचारूनही कळलं नाही तर तो रकाना कोरा ठेवा, समोर उभ्या असलेल्याचं नाव घालून भरू नका. एवढा एक हिशेब तरी खरा ठेवा.