टोपलीवाल्या सरांबरोबर एक फेरी

टक. आवाज डब्याच्या झाकणाचाच, पण झोपलेल्या घरात तो केवढा तरी मोठा झाला. लगेच आतून हाक आली, "आई, कुठे चाललीस?"

झालं. नवरा पहाटेच पाळीवर गेलेला. शेजारच्या काकू दोन तास येऊन बसणार होत्या, पण ठरलं होतं ते झोपलेल्या ठकूसाठी. जागी ठकू कुणालाच आवरत नाही. वय साडेचार, बोलणं चाळिशीचं. डावी चप्पल उजव्या पायात घालून ती दारात उभी राहिली आणि मलाच म्हणाली, "चल, उशीर होतोय."

पिशवीत मुदतवाढीचा अर्ज होता. माझ्या पीएचडीची मुदत महिनाअखेरीला संपत होती. मार्गदर्शक सरांनी सही केली तर आणखी सहा महिने, नाही केली तर नाव कमी. सर अशा सह्या ऑफिसात करत नाहीत. ऑफिसात ते फक्त कागद हरवतात. ज्याला काही हवं असेल त्यानं रविवारी सातला वसतिगृहामागं यायचं आणि त्यांच्याबरोबर डिस्क गोल्फची एक फेरी चालायची. गोल्फच तो, पण चेंडूऐवजी ताटलीएवढी तबकडी हातानं फेकायची. खड्ड्याऐवजी खांबाला लटकलेल्या साखळ्या आणि खाली जाळीची टोपली. तबकडी पडेल तिथून पुढची फेक, आणि कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. कॉलेजच्या आवारात असे नऊ खांब सरांनीच मागं लागून बसवून घेतले. म्हणून ते टोपलीवाले सर.

"हा नवा विद्यार्थी कोण?" सरांनी विचारलं.

"मी विद्यार्थी नाही, मी ठकू. आजोबा, तुमचे केस कुठे गेले?"

"संशोधनात गेले."

मला हसू आलं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचेना. रात्री ठकूसाठी चार वेळा उठले होते. दोनदा पाणी, एकदा शू, एकदा भिंतीवर तिला दिसलेला सावलीचा घोडा.

पहिली टोपली ग्रंथालयाच्या मागं. सरांनी तबकडी फेकली, गुडघा धरला आणि चालायला लागले. "तुझ्या विटा काय म्हणतात?"

"पाणी पितात, सर."

माझं काम एवढंच. बारा विटा चोवीस तास पाण्यात भिजवायच्या, चोवीस तास ओव्हनमध्ये वाळवायच्या, प्रत्येक वेळी वजन करायचं. हे एक चक्र. अशी शंभर चक्रं, मध्ये खंड नाही. सासूबाई म्हणतात, "विटांना वेळेवर पाणी पाजतेस गं बाई, स्वतः कधी पिणार?"

"शंभर झाली?"

"झाली, सर."

झाली होती, वहीत. एकसष्टाव्या चक्राला ठकूला ताप भरला आणि विटा चार दिवस टाकीतच राहिल्या. पाचव्या दिवशी गेले तेव्हा त्या अगदी निवांत बुडून बसल्या होत्या. त्या आठवड्याचे आकडे मी मागचेपुढचे बघून पेन्सिलीनं भरले, मग एका दुपारी त्यावर पेन फिरवलं आणि पुढची चक्रं सुरू केली. कुणालाही कळलं नाही. कळणारही नव्हतं. वीट काही चहाडी करत नाही.

दुसरी, तिसरी, चौथी टोपली. सर प्रत्येक टोपलीला एक प्रश्न विचारत, मी उत्तर देत होते. ठकू प्रत्येक फेकीला टाळ्या वाजवत होती, चुकलेल्या फेकीला जास्त. पाचव्या टोपलीशी डबा उघडला. सरांनी अर्धी पोळी खाल्ली. "अर्ज आणलायस ना? नवव्या टोपलीला सही करू." माझ्या खांद्यांवरचं ओझं उतरलं, आणि ओझं उतरल्याबरोबर झोप चढली.

सहावी टोपली चढावर, झाडांच्या पलीकडे. सरांनी फेकलं. चढ अर्धा चढून मी एका झाडाला टेकले. नुसती टेकले, असं मला वाटलं.

"आई, बघ! मी आवरलं!"

डोळे उघडले तर ठकू समोर, हातात सरांची तबकडी. घरी मीच तिला शिकवलंय, पडलेली वस्तू उचलून जागेवर ठेवायची. ती पळत गेली, तबकडी उचलली आणि सरांच्या पिशवीत टाकायला घेऊन आली.

सर हसले. "शहाणी आहेस. पण आता ही पडली होती कुठे? माझ्या डोळ्यावर ऊन होतं." मग माझ्याकडे वळून, "तू बघितलीस ना गं?"

"त्या झुडपाच्या अलीकडे, सर. अंदाजे."

"अंदाजे?"

"ठेवा ना सर, काय फरक पडतो. कोण बघतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभ्या उभ्या झोपले होते हे त्यांना कळलं असावं. गुडघा धरून चढाव उतरले, मागं फेकायच्या जागी गेले, पुन्हा फेकलं आणि खिशातल्या कार्डावर एक फेक जास्त लिहिली. या वेळची तबकडी तर सरळ काट्यांतच गेली.

त्यांना काट्यांत वाकलेलं पाहून माझं तोंडच उघडलं. "सर, एकसष्टावं चक्र खोटं आहे."

सर वाकलेलेच राहिले. मी सगळं सांगितलं. ताप, टाकी, पेन्सिल, पेन.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेव्हा हिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते."

"आणि नंतर?"

"नंतर इतके दिवस गेले की सांगायचीच लाज वाटायला लागली."

ते सरळ उभे राहिले. हाताला ओरखडा उठला होता. "पुन्हा शंभर करायची म्हणजे दोनशे दिवस. सात महिने तर नुसत्या विटांचेच. मुदतवाढ मिळते सहा. तुला हिशोब येतो."

"हो, सर."

"मग या अर्जावर सही करून मी काय करू?"

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. तेही दमलेच होते. म्हणाले, "नव्यानं नोंदणी करता येते. पहिल्यापासून, प्रवेश परीक्षेसकट. मी तुला कर म्हणणार नाही, करू नको असंही म्हणणार नाही. तुझं घर मला माहीत नाही."

अर्ज मी पिशवीतून काढलाच नाही. उरलेल्या टोपल्या ते एकटे खेळायला गेले. जाताना ठकूला म्हणाले, "येत जा गं. पण माझी तबकडी आवरू नकोस."

घरी जायचा रस्ता लांबचा निवडला. का, ते माहीत नाही. ठकू थोडं चालली, मग कडेवर आली. तिच्या केसांना घाम आणि गवत दोन्हींचा वास होता. उद्या प्रयोगशाळेतलं कपाट रिकामं करायचं, बारा विटा कुठेतरी ठेवायच्या, नवऱ्याला सांगायचं. तो म्हणेल, "बरं झालं, जरा झोपशील तरी." मनापासून म्हणेल, आणि मला तेच सहन होणार नाही.

"आई, रडतेयस?"

"नाही गं. डोळ्यात कचरा गेला."

तिनं माझ्या डोळ्यावर फुंकर घातली, थुंकीसकट. मग माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली. म्हणाली, "आमच्या शाळेतल्या ताई सगळ्यांना विचारतात. मी सांगितलं, मी क्रेन चालवणार."

"हो का? छान."

"आणि तू? तू मोठी झाल्यावर काय होणार, आई?"