स्वयंपाकघरातली लाल दोरी

माझ्या सासूबाईंच्या, सोजराबाईंच्या, नाकातून काही सुटत नसे. माझा नवरा धम्मरत्न चाकणहून कंपनीच्या बसने रहाटणीत उतरून घरी आला, की त्या दारातच त्याचं तोंड हुंगायच्या. वास आला तर रडारड, नाही आला तर संशय. अशाने दारू सुटली असती तर एव्हाना अर्धं पिंपरी-चिंचवड शुद्धीवर असतं.

शेवटी तो शिफ्टमध्ये पिऊन सापडला. उपचार घेऊन ये, मग लाइनवर घेऊ, पण पुन्हा सापडलास तर कायमचा घरी बस, असं कंपनीने बजावलं. मीही सांगून टाकलं, पुन्हा पिऊन आलात तर मी माहेरी.

व्यसनमुक्ती केंद्रात नबीला मॅडम ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. डॉक्टर गोळ्या देत, या कामं देत. चहा करा, कणीक मळा, भाजी घेऊन या. रोजच्या कामातून माणूस पुन्हा उभा राहतो म्हणे. धम्मरत्न फणफणला. "मी गाड्या बनवतो राव, आणि मला कणीक मळायला लावतात."

मॅडम मध्येच विचारत, "आत्ता मनात काय चाललंय?"

"कणीक."

"आणि कणकेच्या मागे?"

मागे एक विचार दबा धरून बसलेला असायचा. आज इतका शहाण्यासारखा वागलोय, एक क्वार्टर तर हक्काची आहे. मॅडम म्हणत, त्याच्याशी भांडू नका. तो आलाय हे ओळखा आणि कुणाला तरी सांगा.

घरच्यांना बोलावलं तेव्हा सासूबाईंनी हुंगण्याची गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली. मॅडमनी धम्मरत्नला विचारलं, "तुमच्याकडे गाडी पूर्ण झाल्यावरच दोष शोधतात का?"

"छे. ज्याला जिथे दोष दिसेल त्याने तिथेच लाइनवरची दोरी ओढायची. दिवा लागतो, लाइन थांबते."

"ओढणाऱ्याला शिव्या बसतात?"

"नाही. सुपरवायझर येतो, काय दिसलं विचारतो. बघून ओके म्हणतो, मग लाइन सुरू." बोलता बोलता तो थांबला आणि आम्हा दोघींकडे बघत राहिला.

घरी परतल्यावर त्याने स्वयंपाकघरात लाल नायलॉनची दोरी बांधली आणि भंगारातून आणलेली पितळी घंटा तिला अडकवली. प्यायचा विचार आला की ओढायची. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा सासूबाई धावत आल्या आणि कडाडल्या, "परत प्यायचं आलं व्हय मनात? लाज न्हाई वाटत?" त्याने दोरी गुंडाळून खिळ्याला टांगली. मी भडकले. म्हटलं, "आई, शिव्या दिल्यात तर तो ओढणंच सोडेल. मग हुंगत बसा जन्मभर."

सासूबाई दिवसभर फुगून बसल्या. पण दोरी पुन्हा खाली सोडली त्यांनीच. पुढच्या खेपेला कंबरेवर हात ठेवून, ओठ घट्ट आवळून आल्या आणि म्हणाल्या, "काय दिसलं रं?"

मग ती घंटा इतकी वाजू लागली, की खालच्या सुमनताईंना वाटलं आम्ही घरात देव बसवले. हळूहळू वाजणं कमी झालं. बसमधून उतरून घरी येईपर्यंतचा वेळ सगळ्यात वाईट. त्या वेळात तो भाजी घ्यायचा आणि घरी येऊन कणीक मळायचा. आता चपात्या माझ्याहून गोल करतो, ते एक सहन करावं लागतं.

कंपनीने त्याला लाइनवर परत घेतलं आणि लगेच खंडेनवमी आली. पूजा आमच्यात नाही, पण मशीन पुसायला धम्मरत्न सगळ्यांच्या पुढे. पूजा झाली, पेढे वाटले, की पोरं थेट ढाब्यावर. दरवर्षी तिथून त्याला उचलून आणावं लागे. त्या दुपारी माझं कशात लक्ष लागेना. सासूबाई तर दाराशी खुर्ची टाकूनच बसल्या.

फोन वाजला. "साक्षी, दोरी ओढतोय."

कशाला गेलात तिथे, हे जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि विचारलं, "काय दिसलं?"

"ढाब्यावर आहे. डोक्यात एक जण म्हणतोय, पिऊ नको, नुसता ग्लास हातात धर, म्हणजे पोरं नावं ठेवणार नाहीत. तो खोटं बोलतोय. मी बाहेर आलोय. लाइनवरचा आरिफ मला घरी सोडायला बाइक काढतोय."

"मग माझ्याकडून काय हवंय?"

"कुणीतरी ओके म्हणावं लागतं ना."

"ओके," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

तो आला तेव्हा हातात मेथीची जुडी होती. सासूबाई खुर्चीवरून उठल्या, जुडी घेतली आणि त्याचं तोंड न हुंगता आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे घालून आम्ही विहारात गेलो. पंचशील सुरू झालं. पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. ते आलं की धम्मरत्नचा आवाज बसायचा आणि तो ऐकू येतो का बघायला सासूबाई स्वतः गप्प व्हायच्या. वर्षानुवर्षं हेच. त्या दिवशीही त्या गप्प झाल्या. शेजारून त्याचा आवाज आला, खणखणीत, शेवटच्या अक्षरापर्यंत.

पंचशील संपलं. तेवढ्यात सासूबाईंच्या लक्षात आलं, की आपलं पाचवं शील म्हणायचं राहिलंच. मग त्यांनी ते एकटीनेच म्हटलं, सगळे वळून बघत असताना, पोरापेक्षाही मोठ्या आवाजात.